कूलरवाली गाडी

काकांच्या गाडीत पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास शर्टाची बाही वर करायचा. त्यात त्याचा काही दोष नव्हता. लोक डॅशबोर्डवर जिथं गणपती चिकटवतात, तिथं काकांनी रक्तदाब मोजायच्या यंत्राची तबकडी बसवली होती. काटा, शून्यापासून तीनशेपर्यंतचे आकडे, सगळं जसंच्या तसं. रामदासपेठेत दवाखाना असलेल्या त्यांच्या साळ्यानं ते यंत्र बिघडलं म्हणून टाकून दिलं होतं. बिघडली होती ती रबराची नळी. तबकडी धडधाकट होती, आणि धडधाकट वस्तू टाकणाऱ्या माणसाबद्दल काकांचं मत फार वाईट असे.

"बाही खाली कर गा," ते पाहुण्यावर खेकसायचे. "तुहं नाही, गाडीचं बीपी आहे ते."

हे काका म्हणजे माझे घरमालक. ऐंशी सालानंतरची दोनतीन वर्षं मी त्यांच्याकडे काढली. रामदासपेठेतल्या एका विमा कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. महालातल्या आमच्या घरी दोन भावांची लग्नं उरकल्यावर माझ्या वाट्याला झोपण्यापुरता जिना उरला होता, म्हणून धरमपेठेत काकांच्या घराची मागची खोली घेतली. काका एका तांत्रिक शाळेत फिटिंग शिकवायचे. मूळचे उमरेडचे. बाप, आजा, पणजा, सगळे हातमागावर बसलेले. हे एकटेच माग सोडून लोखंडात शिरले, आणि लोखंडानं त्यांना पुढं बाहेर येऊ दिलं नाही.

गाडी साधीच होती. त्या काळी रस्त्यावर जी लहान गाडी दिसायची, अकराशे सीसीची, वरनं फिक्या रंगाची, आतून रेक्झीनच्या वासाची, तीच. काकांनी ती एका वकिलाकडून घेतली तेव्हा तिला कुणी 'मस्त फॅमिली गाडी' म्हटलं असेल, तर तो माणूस नंतर पुन्हा त्यांच्या घरी आला नसणार. सात वर्षं काका त्या इंजिनाला टर्बो बसवत होते.

टर्बो म्हणजे काय हे मला काकांनी पहिल्याच रविवारी, मी दात घासत असताना समजावलं. इंजिनातून धूर बाहेर पडतो. त्याच्या वाटेत एक छोटा पंखा ठेवायचा. धूर तो पंखा फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. एवढंच.

"आमच्या बापानं जिंदगीभर बोटभर सूत फेकलं नाही," काका म्हणाले. "तुटलेला धागा बी गाठ मारून लावे. अन् हे इंजिन पाह्य, हरघडी गरम धूर बाहेर फेकून राहिलं. फुकट! मले पाहवत नाही गा."

धुराबद्दल इतका जिव्हाळा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तोंडातला फेस थुंकून 'हो, हो' म्हणालो. ही माझी चूक झाली. त्या दिवसापासून काकांनी मला 'समजणाऱ्यांत' धरलं.

त्यांचा टर्बो उमरेडकडच्या एका कोळसाखाणीच्या भंगारातून आणलेला होता. तो मुळात एका भल्यामोठ्या डिझेल जनरेटरचा. लहान गाडीच्या मानानं हे म्हणजे बारक्या पोराला बापाचा सदरा घालण्यासारखं झालं. एवढासा धूर, आणि फिरवायचा एवढा मोठा पंखा. तो फिरायचा, नाही असं नाही, पण सवडीनं.

एकदा मला कचेरीला उशीर झाला म्हणून काका म्हणाले, चल, दोन मिनिटांत पोचवतो. शंकरनगरच्या चौकात दिवा हिरवा झाला. काकांनी पाय दाबला. काहीच झालं नाही. गाडी नुसती गुरगुरत पुढं सरकली. डावीकडनं एक सायकलरिक्षा आमच्या पुढं गेली. तिच्यात दोन बायका, एक शिलाई मशीन आणि मशीनवर बसवलेलं एक मूल होतं. मुलानं मागं वळून आम्हाला टाटा केलं.

"थांब," काका म्हणाले, "हवा येऊन राहिली."

बीपीचा काटा हलला. पन्नास. ऐंशी. पुढच्या चौकातला लाल दिवा दिसायला लागला, आणि नेमकी तेव्हाच हवा आली. काटा एकदम दोनशे ऐंशीला जाऊन टेकला, माझी मान मागं, डबा मांडीवरून पायाशी, आणि लगेच काकांचा पाय ब्रेकवर, त्यामुळे मान पुढं. "पाह्यलं?" काकांनी विचारलं. मी पाहिलं होतं ते फक्त माझ्या पँटवर सांडलेलं वरण. पण 'हो' म्हणालो.

'हवा येऊन राहिली' हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं उत्तर होतं. नळाला पाणी नाही, हवा येऊन राहिली. शाळेतली बढती अकरा वर्षं अडकली होती, तीही येऊन राहिली होती. काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "यांची हवा पेन्शनीच्या दिवशी येते." काकू कमी बोलायच्या, पण बोलल्या की पुन्हा बोलायची गरज उरत नसे.

या सगळ्या गोष्टी मी कचेरीत सांगायचो. खरं सांगायचं तर कचेरीत माझी जी काही पत होती ती काकांच्या जिवावर होती. डब्याच्या सुट्टीत लोक खुर्च्या ओढून यायचे. "काय म्हणते बीपी?" मी काकांचा आवाज काढायचो, मान झटकायचो, रिक्षातल्या मुलासारखा टाटा करायचो. साहेबसुद्धा दाराशी उभं राहून ऐकायचे. नव्या कारकुनाला आणखी काय पाहिजे!

आता कूलरची गोष्ट. हवा कोंबली की तापते. तापलेली हवा इंजिनात गेली की पेट्रोल वेळेच्या आधीच भडकतं, आत फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. परदेशात म्हणे यासाठी वेगळं यंत्र लावतात. काकांनी एका एप्रिलमध्ये त्यावर आठवडाभर विचार केला, आणि मग आपल्या बैठकीच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कूलर होता.

नागपुरात कूलरचं कुणाला सांगायला नको. वाळ्याच्या ताट्या, खाली टाकीत पाणी, एक छोटा पंप ते पाणी ताट्यांवर सोडतो, आणि पंखा थंड हवा आत ओढतो. काकांनी खिडकीतला पंप काढला. एका मोडीतल्या रेडिएटरमधून टर्बोची गरम हवा फिरवली, त्या रेडिएटरला वाळा गुंडाळला, गाडीच्या डिकीत पत्र्याची टाकी बसवली, तिला खाली तोटी ठेवली, आणि पंपाची नळी थेट बॉनेटखाली नेली. गाडीला कूलर लागला. काकूंचा गेला.

"माह्या खिडकीतला पंप नेऊन त्या डबड्याले लावला," काकू मला म्हणाल्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि त्या ओला पंचा डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. "मी काय इंजिनापेक्षा कमी तापते?"

गाडी गेली की मागं रस्त्यावर वाळ्याचा वास दरवळत राहायचा. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर लोक एकमेकांना सांगायचे, "कूलर गेला." कचेरीत या गोष्टीनं मी जवळजवळ पंधरा दिवस काढले.

पण एक गोष्ट मी कचेरीत नीट सांगितली नाही. तो कूलर चालला.

त्या मे महिन्यात काका मला रोज सकाळी अमरावती रोडला न्यायचे. शहर संपल्यावर वाडीकडे जाताना सरळ रस्त्याचा एक तुकडा होता. एका किलोमीटरच्या दगडापाशी गाडी उभी करायची, तिथून सोडायची, आणि पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. स्टॉपवॉच शाळेतल्या खेळांच्या कपाटातलं. ते माझ्या हातात. गाडी मुळात होती तशी असताना चव्वेचाळीस सेकंद लागायचे, ते काकांनी फार आधी मोजून ठेवलं होतं. कूलर लावल्यावर पहिल्या दिवशी चाळीस लागले. वाळा बदलला, एकोणचाळीस. मग अडतीस. पुन्हा अडतीस. पुन्हा. सुरुवातीला हवेची वाट पाहावी लागायचीच, पण एकदा का ती आली की ती अकराशे सीसीची म्हातारी उधळायची. लांबलचक ट्रक आमच्या बाजूनं उलटे गेल्यासारखे वाटायचे. पहिल्यांदा अडतीस आले तेव्हा मी ओरडलो होतो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण काकांनी दचकून माझ्याकडे पाहिलं होतं.

काका हे सगळं एका वहीत लिहायचे. तारीख, हवेची उष्णता, गाडीचं बीपी, सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात 'पाहणाराची सही'. ती मी करायचो. तेवीस दिवस, तेवीस सह्या.

जूनमध्ये पुण्याहून पत्र आलं. ज्या ज्या इंजिन कारखान्याचा पत्ता मिळेल, त्याला काका वर्षानुवर्षं पत्रं पाठवत होते. उत्तर कधी आलं नव्हतं. हे पहिलं. तिथल्या एका मोठ्या इंजिनिअरनं लिहिलं होतं की जुलैच्या सुरुवातीला कामानिमित्त नागपुरात येतो आहे, गाडी पाहीन, आणि तुम्ही लिहिलेले आकडे खरे असतील तर सहा महिने आमच्या चाचणी विभागात येऊन हे काम आमच्या इंजिनावर करा. शाळेकडून रजा मिळवण्याचं आम्ही पाहू.

काकांनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि दिवसातून चारदा बाहेर काढलं. हवा आली असं मात्र ते म्हणाले नाहीत. मला वाटतं भीती वाटत असावी. संध्याकाळी काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. त्या कधी येत नसत.

"मले त्याच्यातलं काही समजत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण सात वर्षं झाले. लोक हसतात, मी बी हसते. एक तरी समजणारा माणूस यांच्या गाडीत बसू द्या. तुम्ही सोबत राहा."

मी राहीन म्हणालो.

पाहुणे यायचे ते सोमवारी. आदल्या रविवारी सकाळी काकांनी, दरवर्षीप्रमाणे, गल्लीतले कूलर बंद केले. हा त्यांचा नेम होता. हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो, टाकीत पाणी ठेवलं की डास होतात, म्हणून ते घरोघर जाऊन टाक्यांच्या तोट्या उघडायचे, पाणी सोडायचे, पंप पुसून ठेवायला लावायचे आणि प्रत्येक घरी तेच भाषण द्यायचे. "जुलैत कूलर चालवून राहिली का वं? सर्दी पायजे का तुले?" बायका हसत तोटी दाखवायच्या. त्या दिवशी मी बादली घेऊन मागं मागं फिरलो. नऊ घरं झाली. घरी येऊन काकांनी खिडकीतल्या बिनपंपाच्या कूलरमध्ये साचलेलं पाणीही सोडलं. मग गाडी धुतली, काचा पुसल्या, बीपीची तबकडी पुसली. पोर्चमधून वाळ्याच्या वासाचं पाणी वाहत होतं आणि आम्ही दोघे त्यात अनवाणी उभे राहून उद्याच्या बोलण्याची तालीम करत होतो.

सोमवारी पाहुणे आले. साधे, गोरे, मितभाषी गृहस्थ. पुढच्या सीटवर बसल्याबरोबर त्यांनी तबकडी पाहिली आणि बाही वर केली नाही. "टर्बोच्या हवेचा दाब मोजायला? छान," एवढंच म्हणाले. काकांचा चेहरा असा झाला, की त्यांना आणखी काही मिळालं नसतं तरी चाललं असतं. मी मागं, स्टॉपवॉच घेऊन.

दगडापासून गाडी सुटली. "थांबा साहेब, हवा येऊन राहिली," काका म्हणाले. हवा आली. काटा दोनशे ऐंशी. आणि पाठोपाठ बॉनेटखालून फुटाणे. हातमागाच्या ठोक्यातला एक चुकला तर पलीकडच्या खोलीतून ओळखणारा हा माणूस. त्याला ते ऐकू आलं नसेल, हे शक्यच नाही. पाय उचलायला हवा होता. नाही उचलला. दुसरा दगड दिसत होता. फट्ट असा आवाज झाला, मागं निळा धूर, आणि गाडी लंगडत लंगडत वाडीच्या गोदामांसमोर जाऊन उभी राहिली. ट्रकवर पोती चढवणारे हमाल काम सोडून पाहायला आले.

काकांनी बॉनेट उघडलं नाही. ते सरळ मागं गेले, डिकी उघडली, टाकीत हात घातला. हात कोरडा बाहेर आला.

"काल मीच खोलली तोटी," ते म्हणाले. "गल्लीतले सारे कूलर रिकामे केले. हा बी केला." दुसरा कुणी असता तर पेट्रोलला शिव्या दिल्या असत्या, रस्त्याला दिल्या असत्या. काकांनी वाकून तोटी बंद केली.

पाहुणे हसले नाहीत. "होतं असं. आमचीही इंजिनं जळतात," ते म्हणाले आणि वही मागितली. भर उन्हात उभं राहून त्यांनी ती पानन्‌पान पाहिली. मग माझ्याकडे वळले.

"ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही स्वतः मोजलं? अडतीस?"

चार हमाल, दोन ड्रायव्हर, एक पानवाला, सगळे माझ्याकडे पाहत होते. इतके लोक माझ्याकडे पाहायला लागले की मला एकच काम येत असे.

"साहेब," मी म्हणालो, "मे महिन्यात नागपुरात माणसाला काहीही दिसतं."

हमाल खो खो हसले. पाहुणेही हसले, मनापासून. विनोद चांगलाच होता. ते हसत असतानाच वही मिटली गेली आणि काकांच्या हातात परत आली. "पुन्हा चालू झाली की कळवा," म्हणत ते ऑटोत बसून स्टेशनकडे गेले. मी काही बोलायला तोंड उघडलं होतं. ऑटो गेल्यावर ते तसंच मिटलं.

एका ट्रकवाल्यानं दोर बांधून आम्हाला ओढत आणलं. काका स्टेअरिंगवर, मी शेजारी. धरमपेठ आली. घराच्या वळणावर त्यांनी विचारलं, "तू होता ना गा तिथं? मे महिन्यात?"

"होतो, काका."

"नाही, मले वाटलं मी एकटाच होतो."

पुण्याला पत्र लिहायला मी तीनदा बसलो. अर्ज, तक्रार, विम्याचा दावा, सगळं लिहिता येत होतं मला. केलेला विनोद मागं कसा घ्यायचा ते येत नव्हतं. तीनही कागद फाडले. काकू माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या, म्हणजे चहा विचारायच्या, पण दाराशी पुन्हा आल्या नाहीत. दिवाळीनंतर मी खोली सोडली. कचेरीत वाडीची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लोक विचारायचे, "काय म्हणते बीपी?" मी म्हणायचो, उतरलं.

पुढच्या मे महिन्यात एका गोदामाच्या पाहणीसाठी मला सकाळीच वाडीला जावं लागलं. काम उरकून टपरीवर चहा घेत उभा होतो. समोर तो दुसरा दगड. आणि वाळ्याचा वास आला, मग आवाज, मग गाडी. दगड ओलांडून ती थांबली. एक फुटाणा फुटला नाही. काकांच्या शेजारी काकू बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट बांधलेला, हातात तेच स्टॉपवॉच.

"अडतीस," काकू मोठ्यानं म्हणाल्या, भाजीचा भाव सांगावा तशा. काकांनी वहीत आकडा लिहिला आणि वही त्यांच्यापुढं धरली. काकूंनी ती मांडीवर घेतली, आणि जिथं माझ्या सह्या एकाखाली एक होत्या त्याच्या पुढच्या पानावर, शेवटच्या रकान्यात, सावकाश अक्षरं जोडत सही केली.

मी पेला ठेवून रस्ता ओलांडला. खिडकीपाशी वाकलो. एवढे दिवस जे सांगायचं होतं ते एका दमात सांगून टाकलं. "काका, अडतीसच आहेत. मी पाहिलंय. तेव्हाही पाहिलं होतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एखाद्या नवख्या पाहुण्यानं बाही वर केली की पाहायचे, तसं पाहिलं.

"मे महिना आहे गा," ते म्हणाले आणि गाडी गिअरमध्ये टाकली. "माणसाले काहीबी दिसते."